पाण्यामागची वाडी

कालव्याचं दार उघडलं की मोहटेकडीभोवतीचं पाणी खाली सरकायला लागतं. ते सरकताना दिसत नाही. सकाळी काठावर खोचलेली काडी संध्याकाळी कोरड्यात उभी असते, एवढंच. पंचफुला काडी खोचत नसे. ती टाच रोवायची. ओल्या गाळात सगळा भार देऊन टाच दाबायची, पाय उचलायचा आणि खळग्याकडं बघत उभं राहायचं. खळगा लगेच पाण्यानं भरला तर अजून वेळ आहे. कडा ढासळल्या तर खाली वाळू आहे, तिथं वेल तहानेनं मरतो. खळगा जसाच्या तसा राहिला आणि तळाशी नुसती घामासारखी ओल आली, की आळं करायचं.

त्या सकाळी खळगा राहिला.

"जमलं का?" वर दगडावर बसून तिच्या नवऱ्यानं, चिंधूनं विचारलं. त्याचा उजवा गुडघा थंडीत सुजायचा, म्हणून तो उतारावर येत नसे.

"जमलं. वरच्या दोन ओळी आज होतात."

"पाणी थंड हाय न?"

"तुमी कायले पुसता? तुमाले उतरा लागते का?"

चिंधू हसला आणि गुडघ्यावर गरम राखेची पुरचुंडी फिरवत राहिला.

धरण झालं तेव्हा खालचं गाव उठून लोधीखेड्याच्या रस्त्याला गेलं. टेकडीवरची थोडी घरं बुडाली नाहीत, म्हणून त्यांना कोणी उठवलंही नाही. शेतं पाण्याखाली गेली आणि चारी बाजूंनी पाणी आलं. उरला तो हिवाळ्यात उघडा पडणारा गाळ. ज्याचं घर जिथं, त्याची वाडी तिथून सरळ खाली पाण्यापर्यंत. पाणी उतरेल तशी वाडी लांब होते. मार्गशीर्ष-पौषात आळी करायची, चैत्रात टरबुजं आणि डांगरं सौंसरच्या बाजारात न्यायची, आणि पावसाळ्यात पाणी आपली जमीन परत घेऊन जाते. या जमिनीचा कागद कोणाकडेच नाही. पण एक गोष्ट सगळे पाळतात. बी पडलेलं आळं कोणी ओलांडत नाही. फळ निघेपर्यंत वाट बदलते आणि माणसं वळसा घालतात. घरांत भांडण असलं तरी, अंगणात वरात आली तरी.

पंचफुलेनं कुदळ घेतली. गाळ वरून खपलीसारखा आणि आत लोण्यासारखा होता. कुदळ आत सहज जायची, पण निघताना चिकटायची, आणि तो ओढा खांद्यात बसायचा. चार आळी झाली की ती कमरेवर हात देऊन उभी राहायची. तिची सून डिंपल टोपल्यात शेणखत घेऊन उतरत होती.

वरून अंकुर आला. पंचफुलेचा एकुलता मुलगा. अंगात भगव्या रंगाचा टी-शर्ट, पाठीवर 'मोहटेकडी आयलंड' असं इंग्रजीत लिहिलेलं, हातात पेट्रोलचा कॅन. तो नव्या लाकडी जेटीकडं निघाला होता. शेजारच्या यशवंतरावांच्या वाडीत आळी आधीच झाली होती. त्यांच्याजवळ आल्यावर अंकुर वळला, उलटा टेकडी चढला, मोहाच्या झाडांमागून फिरला आणि पलीकडून उतरला. कॅन जड होता. त्यानं खांदा बदलला, पण वाट तीच ठेवली.

"माय, सर येऊन राहिले आज," तो लांबूनच म्हणाला.

"येऊ दे. त्याईची बोट हाय."

"तसं नाई. आळे करू नको म्हणत होते. थर्टी फर्स्ट होईलोक थांब म्हणे."

पंचफुलेनं कुदळ घातली. "पाण्याले सांग म्हणा थांब."

*

तुषार सर नागपूरचे. मागच्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा डोंग्यातून आले, चपला हातात घेऊन. चहा घेतला, टेकडी बघितली, सूर्य बुडताना फोन धरला. मग चिंधूला म्हणाले, "काका, इथं खाली चार तंबू टाकले तर चालतील का? उन्हाळा आहे, जागा रिकामीच आहे." आणि फोन धरूनच विचारलं, "ही जागा कोणाची?"

"पाण्याची बाप्पा," चिंधू म्हणाला. "आपली कायची? टाका न."

टेकडीवर सगळे असंच बोलतात. कोणी वाडीला 'माझी जमीन' म्हणत नाही. तसं म्हटलं की पाणी पुढच्या वर्षी तेवढी उघडी करणार नाही असं मानतात. दरवर्षी नारळ देऊन ती मागून घ्यायची असते, आणि जो मागतो त्याला नाही म्हणायचं नसतं. चिंधूनं चहाचा दुसरा कपही दिला होता.

दिवाळीनंतर जेटी आली, मोटरबोटी आल्या, निळ्या खुर्च्या आल्या. शनिवार-रविवारी नागपूरहून गाड्या भरून माणसं येऊ लागली. टेकडीवरच्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी कामाला लागलं. कोणी तंबू ठोकायचं, कोणी भांडी घासायचं. जेटी नेमकी चिंधूच्या आणि यशवंतरावांच्या वाड्यांच्या तोंडाशी आली होती. बाकीच्यांच्या वाड्या मागच्या बाजूला.

दुपारी तुषार सर आले ते पंचफुलेजवळ उभे राहिले. पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. मागे यशवंतराव हात बांधून आले.

"काकू, हे खड्डे काय सुरू केले?"

"आळे होय सर. टरबुजाचे."

"ते कळलं. पण इथं बीच आहे आपला. थर्टी फर्स्टला मोठा प्रोग्राम आहे. जेटीपासून तंबूपर्यंत कार्पेट टाकायचं आहे, म्युझिक इथं लागेल. एवढा महिना थांबा. नंतर करा शेती."

"महिन्यानं वरचा गाळ फाटते. बी धरत नाई."

"मग मागं करा. सगळ्यांचं मागंच आहे."

"मागं त्याईचं हाय."

तुषार सर हसले. वाईट हसले नाहीत. खिशातून फोन काढला आणि चिंधूला दाखवला. फोनमधला चिंधू टोपी सरळ करत म्हणत होता, पाण्याची बाप्पा, आपली कायची, टाका न.

"काका, तुम्हीच म्हणाले न? मी तर तुमच्या शब्दावर एवढं सगळं उभं केलं."

चिंधू फोनकडं बघत राहिला. स्वतःचा आवाज त्यानं पहिल्यांदाच बाहेरून ऐकला होता. मग म्हणाला, "हाव. आताही म्हणतो. पाण्याचीच हाय. पण पाण्यानं आमाले देल्ली सर. तुमाले पाण्यानं देल्ली का?"

"काका, असं कोर्टात नाही चालत."

"कोर्टात कोण जाऊन राहिलं?"

यशवंतराव घसा साफ करत म्हणाले, "पंचफुले, मी म्हणतो, एक साल सोडून दे. सर काम देऊन राहिले. आपलेच पोट्टे हायेत त्याईच्यापाशी."

"तुमी सोडून राहिले का दादा?"

"माहे तं झाले आळे."

"मग मले कायले शिकवता?"

यशवंतरावांनी बांधलेले हात सोडले आणि पुन्हा बांधले. तुषार सर फोन खिशात टाकून निघाले. यशवंतरावांच्या आळ्यांजवळ त्यांनी एक क्षण थांबून खाली बघितलं आणि मधूनच चालत गेले. पाय आळ्यात पडला नाही, पण ओलांडलं. यशवंतराव बघत होते.

*

टरबुजाचं बी थंडीत फुटत नाही. चुलीजवळ ठेवलं तर उकडतं, बाहेर ठेवलं तर दगड होतं. म्हणून टेकडीवरच्या बाया भिजवलेलं बी ओल्या फडक्यात बांधून पोटाशी, लुगड्याच्या आत ठेवतात. अंगाची ऊब त्याला बरोबर पुरते. झोपताना पालथं पडायचं नाही. फडकं वाळू लागलं की पाण्याचे दोन थेंब द्यायचे. पांढरं टोक फुटेपर्यंत बाई जिथं जाईल तिथं बी जातं.

पंचफुलेनं बी बांधलं त्याच दिवसांत सौंसरचा बाजार आला. तुरी संपल्या होत्या, चिंधूच्या गुडघ्याला मलम हवं होतं. ती गेली आणि दुपारच्या गाडीनं परत धरणाच्या घाटावर उतरली.

घाटावर आता पत्र्याचं दार होतं. पूर्वी डोंगा काठाला लागला की ज्याला यायचं तो यायचा. आता दारात गणवेशातली पोरगी उभी असायची, बोरगावची केतकी. तिच्याकडं मनगटावर बांधायच्या कागदी पट्ट्या होत्या. पाहुण्यांना निळी, टेकडीवाल्यांना पिवळी.

"काकू, हात."

"मी घरी जाऊन राहिली बाई."

"माहीत हाय न काकू. पण पट्टी नसली तं बोटवाला मले बोलते."

पंचफुलेनं हात पुढं केला. पट्टी बांधताना केतकीचं लक्ष तिच्या पोटाकडं गेलं. लुगड्याखाली मुठीएवढा फुगवटा होता, आणि कापड ओलं झालं होतं. मागं नागपूरची माणसं उभी होती. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आमच्या बॅगा उघडल्या, यांचं बघा न. गावठी नेतात हे लोक अशीच."

केतकी हळूच म्हणाली, "काकू, का हाय थे?"

"बी हाय."

"दाखवा न एकडाव. साहेब वरून कॅमेऱ्यात पाहून राहिले."

पंचफुलेनं तिच्याकडं बघितलं. पोरगी डिंपलपेक्षाही लहान होती आणि तिची मान खाली होती. पंचफुलेनं सगळ्यांसमोर पदर बाजूला केला, कमरेची गाठ सैल केली, फडकं बाहेर काढलं आणि सोडलं. वारा सरळ पाण्यावरून येत होता. काळ्या बियांना तांदळाच्या कणीएवढी पांढरी टोकं फुटली होती. पोटाला जिथं फडकं होतं तिथली कातडी सुरकुतली होती, धुणं धुतलेल्या बोटासारखी.

"ओ माय गॉड, पोटावर उगवते का?" एक मुलगी म्हणाली, आणि फोन वर गेला. कोणाचा तरी धक्का लागला. थोडं बी दाराशी जमिनीवर सांडलं.

केतकी खाली वाकली.

"राहू दे," पंचफुला म्हणाली. "नखानं टोक मोडते."

ती उकिडवी बसली. बोट जिभेला लावायचं, बी बोटाला चिकटवायचं, फडक्यात ठेवायचं. रांग थांबली. बोटवाल्यानं भोंगा वाजवला. कोणी म्हणालं चला न काकू, कोणी हसलं. पंचफुलेनं घाई केली नाही. शेवटचं बी उचलल्यावर तिनं फडकं बांधलं, पोटाशी ठेवलं, गाठ मारली, पदर घेतला. मग मनगटावरची पिवळी पट्टी दातानं तोडली आणि केतकीच्या हातात दिली.

"तुह्या सायबाले सांग, मी पाहुणी नाई."

ती घाटावरून उतरली. बाजूला बाभळीला बांधलेला जुना डोंगा होता, यशवंतरावांचा. त्यात पाणी साचलं होतं. तिनं ते डब्यानं उपसलं, बांबू घेतला आणि एकटीच डोंगा ढकलत घरी आली. मोटरबोट दोनदा तिच्या बाजूनं गेली. बोटीतल्या माणसांनी हात हलवले.

*

डिंपल पांढुर्ण्याची. तिच्या माहेरी दुकान होतं, आणि पाण्यानं वेढलेल्या टेकडीवर दिलं म्हणून ती पहिलं वर्ष रडली होती. आता तंबूंजवळ तिचा भरीत-भाकरीचा ठेला होता, आणि तो चालत होता. तुषार सरांनी तिच्यासाठी नऊवारी आणलं होतं. शिवलेलं, चकचकीत, मागं चेन लावलेलं. ते खुंटीवर तसंच लटकत होतं.

"लुगड्याले चेन," पंचफुला भाकरी मोडत म्हणाली. "अडकली तं का करतील?"

"तिथंच कापतील न मामीजी. ड्रेस हाय थे." डिंपल हसली. मग चुलीकडं बघत म्हणाली, "मी नाई घालत म्हटलं मी त्याईले. भाकर खायले येता का लुगडं पाहाले?"

अंकुर भिंतीला टेकून बसला होता. त्यानं घाटावरची गोष्ट ऐकली होती. बोटीत फोनवर बघितलीही होती. आईचं उघडं पोट, बी, मागे गाणं लावलेलं.

"माय, तू पट्टी तोडाले नाई पाह्यजे होती. मले बोलणं बसलं."

"मले बसलं नाई का?"

"मी असं नाई म्हणून राहिलो."

"मग कसं?"

अंकुरनं ताट पुढं ओढलं. चिंधू म्हणाला, "पोटावरचं बी पाहिलं त्याईनं, आता पोटातलं पाहाचं राहिलं." कोणी हसलं नाही, म्हणून त्यानं तोंडात घास घातला.

"माह्या टायमाले थो डोंगा होता," डिंपल म्हणाली. मांडीवर झोपलेल्या लेकीचं, मानसीचं डोकं तिनं सरळ केलं. "ही व्हायच्या वेळी पाऊस, वारा. डोंगा निघेना. मी खाटेवर पडून कंदील पाहत राहिली. ही बोट असती तं तेवढं हाल झालं नसतं. म्हणून मी बोटीले वाईट नाई म्हणत. लोकंही येऊ द्या. भाकर खाऊ द्या. पण मामीजी, आपल्या वाडीतून नाई."

पंचफुलेनं सुनेकडं बघितलं. "तुले कोण म्हणते लोकं येऊ नका म्हण?"

"कोणी नाई. मी सांगून ठेवली गोष्ट."

*

पुढचे दिवस कामाचे होते. सकाळी धुकं पाण्यावर पडून असायचं आणि हात बधिर असायचे. आळं खोदायचं, तळाशी शेणखत, वर मऊ गाळ, मधे बी, टोक खाली. रात्रीच्या गारठ्यासाठी प्रत्येक आळ्यावर पळसाचं पान, पानावर खडा. उन्हं आली की पान काढायचं. पाणी घागरीनं आणायचं, तळहातानं सोडायचं. वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांचं कुंपण. चिंधू वर बसून तुराट्यांच्या जुड्या बांधायचा आणि उतारावरून खाली लोटायचा.

पाणी उतरत होतं, वाडी खाली जात होती. प्रत्येक नवी ओळ जुन्या ओळीपेक्षा जास्त ओली, जास्त काळी. सगळ्यात खालची ओळ पाण्यापासून चार-पाच पावलांवर होती.

शनिवारी ती ओळ गेली. पाहुण्यांना मजा यावी म्हणून बोट जेटीसमोर गोल फिरायची. पहिल्या फेऱ्याची लाट काठाला लागून परत गेली. पुढच्या फेऱ्याची लाट त्याच परतणाऱ्या लाटेवर चढून आली आणि खूप वर आली. पंचफुला घागर घेऊन उभी होती. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं, आळ्यांवरून फिरलं आणि मागं गेलं. पळसाची पानं तरंगत गेली. आळ्यांच्या जागी गुळगुळीत खड्डे राहिले, आत राखेच्या रंगाचं पाणी.

बोट अंकुर चालवत होता. त्यानं आईला बघितलं, आईनं त्याला. मागची माणसं ओरडत होती, और एक, भैया, और एक. अंकुरनं बोट सरळ केली, पण तोवर पुढची लाट निघाली होती.

संध्याकाळी तो वाडीवर आला. टी-शर्ट अजून अंगात होता.

"सर म्हणते गोल फिरव."

"फिरव न."

"माय, तू बोल न मले."

"का बोलू? बी सरलं नाई अजून." तिनं त्याच्या हातात कुदळ दिली. "थे कोपऱ्यातले चार कर. खोल नको."

अंकुरनं कुदळ घेतली. बोटीच्या चाकानं त्याचे तळहात मऊ झाले होते. तिसऱ्या आळ्याला फोड आला, चौथ्याला फुटला. त्यानं ते दाखवलं नाही. पंचफुलेनं बघितलं आणि चौथ्या आळ्यात बी टाकलं.

*

एकतीस तारखेला सकाळीच कार्पेटची गुंडाळी बोटीतून आली. हिरवं, नकली गवताचं. तुषार सर जेटीवर उभे राहून माणसं मोजून कामाला लावत होते. सगळी टेकडीची माणसं होती, यशवंतरावही.

पण त्याच्या आधी, उजाडताच, पंचफुला, डिंपल आणि चिंधू वाडीवर उतरले होते. चिंधू बसून, हातांवर सरकत उतरला. वाडीच्या तोंडाची, जेटीपुढची पट्टी त्यांनी आजवर मोकळी ठेवली होती. माणसांना जायला वाट असू दे म्हणून. पंचफुलेनं कुदळ तिथं घातली. जेटीच्या पहिल्या फळीपासून आपल्या वाडीच्या मेरेपर्यंत, आडवी ओळ. मग तिच्या वर दुसरी. पुढं यशवंतरावांची आळी सुरू होत होती. पोटाजवळचं उरलेलं सगळं बी तिनं काढलं. डिंपलनं आळ्यांत घातलं, चिंधूनं वर पानं ठेवली. लपवून काही केलं नाही. तंबूतले दोन पाहुणे ब्रश करता करता बघत होते.

गुंडाळी खांद्यावर घेतलेली माणसं जेटीवरून उतरायला आली आणि पहिली फळी संपली तिथं थांबली.

"चला," तुषार सर म्हणाले. "काय झालं?"

"सर, आळे हायेत."

"कुठं? हे? काल नव्हते."

"आज हायेत," पंचफुला खालून म्हणाली. "बी पडलं सर. आता फळ निघेलोक."

तुषार सरांनी चष्मा काढला. "काकू, मी किती चांगल्यानं बोलतो तुमच्याशी. संध्याकाळी पाच बोटी भरून लोक येणार आहेत. तुम्हाला किती नुकसान भरपाई पाहिजे ते बोला."

"टरबूज पाह्यजे सर. मले दुसरं का पाह्यजे?"

"टाका कार्पेट," ते माणसांना म्हणाले. "वरून टाका."

कोणी हललं नाही. गुंडाळी जड होती. एकाच्या खांद्याचा स्नायू थरथरत होता, तरी त्यानं ती खाली ठेवली नाही, पुढंही नेली नाही. मग यशवंतराव गुंडाळीखालून बाहेर आले, आणि बाकीच्यांना ती जेटीवर ठेवावी लागली.

"सर, मी आपला नोकर हाय," यशवंतराव म्हणाले. "तुमी म्हणान तं टेकडीवरून दगड आणून देतो. पण आळं ओलांडाले सांगू नका. त्या दिवशी तुमी माह्या वाडीतून गेले, मी काही म्हटलं नाई. घरी गेल्यावर बायकोनं मले जेवाले वाढलं नाई."

"अरे, कोणत्या जमान्यात आहात तुम्ही?"

"याच सर."

तुषार सर स्वतः उतरले. पांढरा बूट पहिल्या आळ्यावर पडला, पळसाचं पान चुरडलं. दुसरं पाऊल दुसऱ्या ओळीत. ते वर जाऊन उभे राहिले आणि माणसांकडं वळून म्हणाले, "बघा. काय झालं? काही झालं का?"

पंचफुला तोवर पहिल्या आळ्यापाशी गुडघ्यावर बसली होती. बुटाचा ठसा तिनं हातानं मोडला, गाळ मोकळा केला, दबलेलं बी बोटानं चाचपलं. टोक मोडलं होतं. तिनं ते बाजूला टाकलं, डिंपलकडं हात केला. डिंपलनं दुसरं बी दिलं. पानही दिलं.

"मले सवय हाय सर," पंचफुला वर न बघता म्हणाली. "लाटेनं गेलं तं पुन्हा केलं. तुमी किती डाव जाता येता?"

तेवढ्यात लवकर आलेल्या पाहुण्यांची पहिली बोट जेटीला आली. अंकुर चालवत होता. त्यानं जेटीवरची गुंडाळी बघितली, रिकाम्या हातांनी उभी माणसं, वर एकटे उभे सर, खाली गुडघ्यावर आई आणि बायको. बोटीतली माणसं उठायला लागली.

"बसा," अंकुर म्हणाला. "इथून उतरता येत नाई."

"का? काय प्रॉब्लेम आहे?"

"पेरणी झाली. मागून उतरवतो. थोडे दगड हायेत, पण जमते."

"अंकुर," तुषार सर वरून म्हणाले. "इकडं लाव बोट."

अंकुरनं त्यांच्याकडं बघितलं आणि बोट हळू, काठाला लाट लागणार नाही इतकी हळू, मागं घेतली. ती टेकडीला वळसा घालून गेली. थोड्या वेळानं मागच्या चढावरून माणसांचे आवाज आले. कोणी दम लागून हसत होतं, कोणी विचारत होतं की भरीत कुठं मिळतं. डिंपल हात धुऊन उठली. "गिऱ्हाईक आलं मामीजी," म्हणाली आणि मोहाच्या झाडांमागून फिरून ठेल्याकडं गेली.

प्रोग्राम झाला. म्युझिक मागच्या बाजूला, यशवंतरावांच्या गोठ्याजवळ लागलं. म्हैस रात्रभर दाव्याला ओढ देत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुषार सरांनी अंकुरकडून बोटीची चावी घेतली, आणि घाटावर निरोप ठेवला की टेकडीवाल्यांना बोटीत घ्यायचं नाही. पिवळ्या पट्ट्या बंद झाल्या.

*

जानेवारीत तुषार सर पटवारी साहेबांना घेऊन आले. अंकुर आता वाडीवरच होता. तळहातांवरचे फोड वाळून कातडी जाड होत होती. येण्या-जाण्याला यशवंतरावांचा डोंगा होता. त्याच्या फटीत अंकुरनं डांबर भरलं होतं, तरी तो पाझरायचा. मानसीला ताप आला तेव्हा त्याच डोंग्यातून तिला लोधीखेड्याला नेलं. डिंपल एका हातानं पोर आणि दुसऱ्या हातानं पाणी उपसायचं भांडं धरून बसली.

वेलांना तिसरं पान आलं होतं. पाणी आणखी उतरलं होतं आणि सगळ्यात खालची ओळ नुकतीच केली होती.

बोट जेटीला लागली. पटवारी साहेब बॅग काखेत धरून फळीवर उतरले आणि पुढं बघून थांबले. हिरव्या टोकांची ओळ जेटीच्या पायाशी आडवी गेली होती. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

"चला न साहेब," तुषार सर म्हणाले. "हेच दाखवायचं आहे. सगळं अतिक्रमण आहे."

"हो हो." पटवारी साहेबांनी एक पाय उचलला, हवेत ठेवला आणि परत फळीवर ठेवला. "वाट कुठून आहे?"

"मागून या साहेब," पंचफुला म्हणाली. तिच्या हाताला कोपरापर्यंत गाळ होता. "चहा ठेवाले लावते. जे लिहाचं थे घरी बसून लिहा."

"काकू, तुम्हाला माहीत आहे न, ही जमीन सरकारी आहे? नोटीस निघेल."

"निघू द्या. नोटीस येईलोक डांगर येईन. नोटीस वाचता वाचता खाऊ."

पटवारी साहेबांच्या तोंडावर हसू आलं, ते त्यांनी खाकरून दाबलं. "चला, मागून जाऊ," ते तुषार सरांना म्हणाले. "बूट खराब होतील इथं."

पटवारी साहेबांपाठोपाठ तुषार सर बोटीत बसले. नवा बोटवाला बाहेरचा होता. सरांनी त्याला हातानं खूण केली. त्यानं बोट मागं घेतली आणि जेटीसमोर गोल फिरवली, एकदा, मग पुन्हा. लाट लाटेवर चढली.

"डिंपल," पंचफुला म्हणाली.

डिंपल पळत उतरली. दोघी खालच्या ओळीच्या पुढं, पाण्याकडं पाठ करून, गाळात मांडी घालून बसल्या. अंगाला अंग लावून, लुगड्यांचे घोळ दोन्ही बाजूंना पसरून. अंकुर कुदळ टाकून आला आणि आईच्या दुसऱ्या बाजूला बसला. वरून चिंधू काहीतरी बोलला, ते वाऱ्यात गेलं.

लाट पाठीवर फुटली. पाणी मानेपर्यंत उडालं, थंड, आणि कडेनं फिरून मांड्यांखाली शिरलं. डिंपलच्या तोंडून श्वास निघाला. तिनं सासूचा दंड धरला.

"अजून एक येते," अंकुर म्हणाला.

"येऊ दे," पंचफुला म्हणाली, आणि समोरच्या आळ्यावरचं पान, सरकलं होतं ते, नीट केलं.